किडनीच्या पेशंटला ‘डाय’ची तपासणी सांगितली असेल तर: चिठ्ठीपासून ४८ तासांनंतरच्या रिपोर्टपर्यंत

अण्णांच्या सीटी स्कॅनच्या चिठ्ठीवर ‘अ‍ॅब्डोमेन, पी + सी’ असं लिहिलं होतं. मी ते वाचलं, पण त्यातलं काही कळलं नाही आणि विचारायचंही सुचलं नाही. सेंटरच्या काउंटरवर विचारलं, “उपाशी आहेत ना?” मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, “काल रात्रीपासून पाण्याचा थेंबसुद्धा नाही.” मे महिना होता. नंबर लागला दुपारी पावणेदोनला. सकाळी रोजच्यासारखी लघवीची गोळी मात्र अण्णांनी न चुकता घेतली होती. क्रिएटिनिनचा (किडनी मंदावली की रक्तात वाढतं ते) रिपोर्ट चार महिन्यांपूर्वीचा होता, तो कोणी मागितलाही नाही.

तिसऱ्या दिवशी पाय सुजले, लघवी कमी झाली. क्रिएटिनिन २.१ होतं, ते २.९ झालं. पुढे तीन आठवड्यांत ते २.३ वर आलं, पण मधल्या काळात घरातल्या कोणाला धड झोप लागली नाही. किडनीच्या डॉक्टरांनी मला चार प्रश्न विचारले: कोणता डाय दिला, किती मिली दिला, आधी पाणी किती प्यायले, आणि त्या दिवशी कोणत्या गोळ्या घेतल्या? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे नव्हती. उरलेल्या दोन्हींची होती, पण द्यायची लाज वाटली.

दीड वर्षाने अण्णांची अँजिओग्राफी करायची वेळ आली, तेव्हा किडनी आधीपेक्षा कमजोर होती आणि तरीही सगळं नीट पार पडलं. या दोन वेळांमध्ये जे शिकले ते इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. औषध बंद करायचं की चालू ठेवायचं हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण त्यांना नेमकं काय विचारायचं ते या लेखातून घ्या.

१. आधी चिठ्ठी वाचायला शिका

प्रत्येक सीटीत डाय नसतो. चिठ्ठीवर ‘प्लेन’ किंवा ‘एनसीसीटी’ असेल तर डाय नाही. ‘सीईसीटी’, ‘पी + सी’, ‘विथ काँट्रास्ट’ किंवा ‘सीटी अँजिओ’ असेल तर डाय आहे. ‘पी + सी’ म्हणजे आधी साधा स्कॅन आणि मग डाय देऊन पुन्हा. मुतखड्यासाठी ‘सीटी केयूबी’ लिहिलं असेल तर तो बहुतेक वेळा साधाच असतो, खडा डायशिवाय उत्तम दिसतो.

‘डाय’ म्हणजे रंग नव्हे. सीटी आणि अँजिओग्राफीत शिरेतून किंवा धमनीतून आयोडीन असलेलं पाण्यासारखं स्वच्छ औषध देतात. एक्स-रे त्यातून आरपार जात नाहीत, म्हणून रक्तवाहिन्या आणि गाठी उठून दिसतात. एमआरआयचा डाय पूर्ण वेगळा, गॅडोलिनियम या धातूचा. त्याबद्दल पुढे. पोटाच्या सीटीआधी प्यायला देतात ते बाटलीभर पाणी ही तिसरीच गोष्ट. ते आतड्यातून जवळजवळ शोषलं जात नाही, त्यामुळे किडनीच्या दृष्टीने त्याची काळजी नाही. माझी मावशी त्या बाटलीलाच घाबरून बसली होती आणि शिरेतल्या इंजेक्शनचं तिला काहीच वाटलं नाही.

शिरेतला डाय जवळजवळ सगळा किडनीवाटेच बाहेर पडतो. निरोगी माणसात साधारण दोन तासांत निम्मा जातो. किडनी कमजोर असली की तो बराच जास्त वेळ रेंगाळतो. किडनीच्या आतल्या भागाला मुळातच प्राणवायू बेताचा मिळतो. डायमुळे तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि लघवीच्या नलिकांच्या पेशींना थेट इजाही होऊ शकते. त्यात माणूस कोरडा पडलेला असेल तर भरच. अण्णांचं नेमकं तेच झालं होतं. क्रिएटिनिन वाढलं ते डायने की रात्रीपासूनच्या तहानेने, हे सांगता येणार नाही असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले.

२. क्रिएटिनिनवर थांबू नका, ईजीएफआर काढून घ्या

“क्रिएटिनिन १.३ आहे, म्हणजे जवळपास नॉर्मलच की!” हे वाक्य तुम्ही ऐकणारच. तीस वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.३ असेल तर त्याचा ईजीएफआर (किडनी मिनिटाला किती गाळते त्याचा अंदाजे आकडा, जास्त तेवढा चांगला) साधारण ७६ येतो. सत्तर वर्षांच्या बाईंचं तेच १.३ असेल तर तो ४४ च्या आसपास येतो. आकडा एकच, पण किडन्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. वय आणि स्त्री-पुरुष हा फरक धरून काढलेला ईजीएफआर हाच आपल्या कामाचा. बऱ्याच लॅब तो रिपोर्टवर छापतात. नसेल तर लॅबला किंवा डॉक्टरांना काढून द्यायला सांगा, मिनिटाचं काम आहे.

शिरेतून द्यायच्या डायबद्दल अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी आणि नॅशनल किडनी फाउंडेशन यांनी २०२० मध्ये एकत्र बसून जे मांडलं ते ढोबळमानाने असं: ईजीएफआर ४५ किंवा जास्त असेल तर डायमुळे किडनीला इजा होण्याचा धोका जवळजवळ शून्य. ३० ते ४४ मध्ये शून्य ते दोन टक्के. ३० च्या खाली वेगवेगळ्या अभ्यासांत शून्यापासून १७ टक्क्यांपर्यंत. म्हणजे खरी काळजी ३० च्या खाली. धमनीतून, विशेषतः किडनीच्या वरच्या भागात महाधमनीत डाय सोडायचा असेल तर युरोपातले रेडिओलॉजिस्ट ४५ च्या खालीच सावध होतात.

मग डॉक्टर-डॉक्टरांत एवढा मतभेद का? जुन्या अभ्यासांत डाय दिलेल्या पेशंटांचं क्रिएटिनिन मोजलं, पण तितक्याच आजारी आणि डाय न दिलेल्या पेशंटांशी तुलना केली नव्हती. पुढे ती केली तेव्हा दिसलं की दवाखान्यात पडलेल्या माणसाचं क्रिएटिनिन डायशिवायही वर-खाली होतच असतं. म्हणून हल्ली ‘डायमुळे झालेली’ ऐवजी ‘डायनंतर झालेली’ किडनीची इजा असं सावध बोलतात. तुमच्या डॉक्टरांचं शिक्षण कोणत्या काळातलं, त्यावर त्यांची भीती थोडीफार अवलंबून असते. (हे त्यांच्या तोंडावर बोलू नका.)

इथे दोन ठिकाणी फसगत होते. पहिलं, शिळा रिपोर्ट. किडनीचा आजार असेल तर तपासणीच्या आधी काही दिवसांतला रिपोर्ट हवा. मध्ये जुलाब, उलट्या, ताप, नवीन औषध असं काही झालं असेल तर तो आणखी ताजा हवा. दुसरं, क्रिएटिनिन रोज वाढत असेल, म्हणजे किडनी आत्ताच अचानक बिघडलेली असेल, तर ईजीएफआरच्या आकड्याला अर्थ उरत नाही. तो कितीही चांगला दिसला तरी तशा वेळी धोका जास्तच धरतात.

३. “डायशिवाय भागेल का?” हे विचारा, पण हट्ट धरू नका

ज्यांनी तपासणी लिहून दिली त्या डॉक्टरांना हा प्रश्न विचारायचा, काउंटरवर नव्हे. पुष्कळदा भागतं. खड्यासाठी साधा सीटी, पित्तनलिकेसाठी एमआरसीपी (डायशिवाय होणारा एमआरआय), पायातल्या गुठळीसाठी डॉप्लर सोनोग्राफी, मेंदूतल्या रक्तवाहिन्यांसाठी डाय न देता होणारा एमआरआय अँजिओ. पायाच्या रक्तवाहिन्यांच्या अँजिओग्राफीत काही मोठ्या ठिकाणी डायऐवजी कार्बन डायऑक्साइड वायूही वापरतात. डीटीपीए स्कॅन (किडनीचं काम मोजणारा) सांगितला असेल तर तो या भानगडीत येतच नाही. त्यात किरणोत्सारी औषधाची अगदी बारीक मात्रा असते आणि ते किडनीला इजा करत नाही.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. हार्ट अटॅक आलाय, पॅरालिसिसचा झटका आलाय, पोटातली मोठी रक्तवाहिनी फुटल्याचा संशय आहे, अशा वेळी “किडनी आहे, डाय नको” म्हणून अडून बसू नका. क्रिएटिनिनचा रिपोर्ट यायची वाटही तिथे पाहत नाहीत, आणि ते बरोबर आहे. आमच्या ओळखीत एका गृहस्थांची अँजिओग्राफी केवळ या भीतीने घरच्यांनी दोन महिने ढकलली. किडनी तशीच राहिली, हृदयाचं पंपिंग तेवढं खाली आलं. डायनंतर वाढलेलं क्रिएटिनिन बहुतेकांचं एक ते तीन आठवड्यांत खाली येतं. मेलेला हृदयाचा स्नायू काही परत येत नाही.

४. गोळ्यांची पिशवी उलटी करा

तपासणीच्या किमान दोन-तीन दिवस आधी घरातल्या सगळ्या गोळ्या टेबलावर काढा आणि पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. नावं नकोत, आतलं औषध वाचा.

मेटफॉर्मिन सगळ्यात आधी शोधा. मधुमेहाच्या कितीतरी गोळ्यांत ते दुसऱ्या औषधाबरोबर मिसळलेलं असतं. ग्लायकोमेट-जीपी, जान्युमेट, गॅल्व्हस मेट या सगळ्यांत ते आहे. अण्णा ठामपणे म्हणत होते, “मी मेटफॉर्मिन घेतच नाही.” पाकीट उलटं केल्यावर ५०० मिलिग्रॅम निघालं. मेटफॉर्मिन स्वतः किडनी खराब करत नाही. पण डायनंतर किडनी मंदावली तर ते शरीरात साचतं आणि रक्तात लॅक्टिक आम्ल धोकादायक वाढू शकतं. ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर ते मुळातच चालू असायला नको. ३० ते ६० मध्ये किंवा डाय धमनीतून द्यायचा असेल तर पुष्कळ डॉक्टर तपासणीच्या दिवशी थांबवतात आणि ४८ तासांनी किडनी तपासून मगच पुन्हा सुरू करतात. काही जण शिरेतल्या डायला ३० च्या वर थांबवत नाहीत. तेव्हा विचारा. आणि “थांबवा” म्हटलं तर मधल्या दोन दिवसांत साखरेचं काय करायचं तेही त्याच दमात विचारून घ्या.

मग दुखण्याच्या गोळ्या. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक. किडनीच्या पेशंटने त्या एरवीही टाळायच्या असतात, पण गुडघे दुखले की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून कोणी ना कोणी आणतंच. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन आहे हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

लघवीच्या गोळ्या, म्हणजे लॅसिक्स, डायटॉर वगैरे, आणि बीपीच्या टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या यांच्याबद्दल सरसकट नियम नाही. कोणाचं हृदय कमजोर असेल तर लघवीची गोळी थांबवणं उलट महागात पडतं. स्वतःच्या मनाने यातलं काहीही बंद करू नका. आमच्या दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी फक्त त्या सकाळची डायटॉर पुढे ढकलली, बाकी सगळं चालू ठेवलं.

काढे, भस्म, ‘किडनी साफ करणारी’ चूर्णं यांचंही नाव डॉक्टरांना सांगा. रागावतील म्हणून लपवू नका. रागावले तर रागावले.

५. पाणी: उपाशी म्हणजे तहानलेलं नव्हे

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. ‘चार तास उपाशी’ याचा अर्थ घरी ‘रात्रीपासून तोंडात काही नाही’ असा लावला जातो, आणि वर सेंटरमध्ये दोन-तीन तास रांग. फोन करून दोनच गोष्टी विचारा: जेवण किती तास आधी बंद करायचं, आणि साधं पाणी केव्हापर्यंत चालेल? आम्हाला दुसऱ्या वेळी दोन तास आधीपर्यंत पाणी चालेल असं उत्तर मिळालं. शक्य तर सकाळचा पहिला नंबर मागून घ्या. कारण म्हणून “किडनीचा पेशंट आहे” असं स्पष्ट सांगा, बहुतेक ठिकाणी देतात. ज्यांना डॉक्टरांनी दिवसाचं पाणी मोजून दिलंय, त्यांनी मात्र ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला स्वतःला लावून घेऊ नये.

शिरेतून सलाईन कोणाला लागतं? ईजीएफआर ३० च्या खाली असेल किंवा किडनी अचानक बिघडलेली असेल तर सहसा देतात. ३० ते ५९ मधल्या पेशंटांना सलाईन देऊन आणि न देऊन काही फरक पडतो का हे नेदरलँड्समध्ये तपासलं होतं. २०१७ मध्ये निकाल आला, फरक पडला नाही. म्हणजे त्या गटात सगळ्यांना बाटली लावायची गरज नाही.

अण्णांचा ईजीएफआर अँजिओग्राफीच्या वेळी २९ होता, म्हणून आदल्या रात्रीच दाखल करून नॉर्मल सलाईन लावलं. हिशोब होता किलोमागे ताशी एक मिली. अण्णांचं वजन ६२ किलो, म्हणजे तासाला ६२ मिली, म्हणजे नेहमीच्या सेटमधून मिनिटाला साधारण २० थेंब. सिस्टरनी बाटलीला पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर पेनाने तासांच्या खुणा केल्या होत्या. रात्री अकराला ड्यूटी बदलली, आणि नव्याने आलेल्या मुलाने “लवकर संपवून टाकू” म्हणत चाक मोकळं सोडलं. थेंबांची धारच लागली. पट्टीवरची बाराची खूण साडेअकरालाच मागे पडलेली बघून मी त्याला हाक मारली. हृदय कमजोर असलेल्या माणसाला एवढं पाणी भसकन गेलं तर छातीत साचून धाप लागते. बाटलीकडे लक्ष ठेवणं हे सोबतच्या माणसाचंच काम समजा.

“आधी ती पाण्यात फसफसणारी गोळी द्या ना, किडनी वाचते म्हणतात,” असंही कोणी सुचवेल. ती अ‍ॅसिटिलसिस्टीनची. पाच हजारांवर पेशंटांच्या एका मोठ्या चाचणीत ती गोळी आणि सोडियम बायकार्बोनेटचं सलाईन, दोन्ही तपासली गेली. २०१८ मध्ये निकाल आला, साध्या सलाईनपेक्षा जास्त फायदा कशाचाच नाही. डॉक्टरांनी लिहून दिली तर घ्या, पण तिच्या भरवशावर बाकीचं ढिलं सोडू नका.

६. सोबत काय न्यायचं

- डॉक्टरांची चिठ्ठी. तिच्यावर ‘किडनीचा आजार, ईजीएफआर अमुक’ हे त्यांच्याच हाताने लिहून घ्या
- ताजा क्रिएटिनिन रिपोर्ट आणि मागचे दोन-तीन, म्हणजे आकडा स्थिर आहे की चढतोय ते दिसतं
- सगळ्या गोळ्यांची पाकिटं, यादी नव्हे
- आधीचे स्कॅन आणि सीडी. कधी कधी त्यावरच काम भागतं आणि नवा डाय टळतो
- हृदयाचा त्रास असेल तर टूडी इकोचा रिपोर्ट
- पूर्वी डायने पुरळ, धाप असं झालं असेल तर त्याचा कागद. नसेल तर तारीख आणि काय झालं होतं ते लिहून
- आधार कार्ड. महात्मा फुले योजनेतून अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी असेल तर रेशन कार्डही, आणि आदल्या दिवशीच तिथल्या आरोग्यमित्रांना भेटून या
- पाण्याची बाटली, शाल (सीटीच्या खोलीत एसी कडक असतो), आणि एक वही

७. टेबलावर जाण्याआधी

सहीसाठी फॉर्म पुढे येतो. त्यात किडनी, मधुमेह, दमा, थायरॉइड, अ‍ॅलर्जी असे रकाने असतात. मी पहिल्या वेळी शेवटच्या पानावर सही ठोकून मोकळी झाले होते. रकाने भरा. थायरॉइड वाढलेलं असेल तर आयोडीनमुळे ते आणखी बिथरू शकतं, तेही लिहा.

अ‍ॅलर्जी आणि किडनीची इजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंगावर गांधी उठणं, घसा आवळणं, धाप लागणं ही अ‍ॅलर्जी. ती मिनिटांत दिसते आणि निरोगी किडनीच्या माणसालाही होऊ शकते. किडनीची इजा दोन-तीन दिवसांनी रक्तात दिसते, अंगावर बहुतेकदा काहीच जाणवत नाही. आणि मासे-कोळंबीची अ‍ॅलर्जी म्हणजे डायची अ‍ॅलर्जी, हा समज चुकीचा आहे. आमच्या कोकणातल्या आत्याबाईंना या कारणाने एकदा परत पाठवलं होतं. महत्त्वाचं ते फक्त एवढंच, की पूर्वी डायलाच काही झालं होतं का?

टेक्निशियनला विचारा: कोणता डाय, किती मिली? हल्ली बहुतेक ठिकाणी ओम्निपेक, अल्ट्राव्हिस्ट, व्हिसिपेक यांसारखे सौम्य डाय असतात, आणि जुन्या तीव्र डायपेक्षा ते किडनीला पुष्कळ बरे. पोटाच्या सीटीला साधारण ८० ते १०० मिली लागतो. अँजिओग्राफीत डॉक्टरांच्या हाताप्रमाणे कमी-जास्त होतो. काही हृदयरोगतज्ज्ञ तो ईजीएफआरच्या आकड्याच्या दुप्पट-तिपटीच्या आत ठेवायचा प्रयत्न करतात. अण्णांना ४० मिलीत भागवलं, आणि ब्लॉकेज दिसल्यावर त्याच टेबलावर अँजिओप्लास्टी न करता ती नंतरच्या तारखेवर ढकलली, म्हणजे डाय दोन हप्त्यांत विभागला. तातडी नसेल तर हे आधीच विचारून ठेवण्यासारखं आहे.

आणि हात! फिस्टुलाचा (डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडलेला) हात असेल तर त्या हाताला सुई नाही, बीपीचा पट्टा नाही, काही नाही. फिस्टुला अजून केला नसेल पण पुढे डायलिसिसची शक्यता असेल, तरी सांगा. डावा हात राखून ठेवायचा असेल तर अँजिओग्राफी त्या मनगटातून करू नये असं किडनीचे डॉक्टर आधी कळवू शकतात.

डाय आत जाताना सगळ्या अंगातून गरम लाट जाते, तोंडात धातूची चव येते आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. खरं होत काही नाही. पेशंटला हे आधी सांगून ठेवा. अण्णा पहिल्या वेळी शरमेने कोणाशी बोलेनात, मला वाटलं काहीतरी मोठं झालं. हाताला सुईपाशी आग किंवा सूज आली तर मात्र लगेच ओरडायचं, डाय शिरेबाहेर जात असू शकतो.

८. एमआरआयचा डाय: इथली भीती वेगळी

गॅडोलिनियमच्या नेहमीच्या मात्रेने किडनी बिघडण्याची चिंता फारशी नसते. इथे प्रश्न उलटा आहे. किडनी तो बाहेर टाकू शकली नाही तर काही जुन्या प्रकारच्या डायमधून गॅडोलिनियम सुटून शरीरात राहायचं आणि कातडी लाकडासारखी जाड, कडक व्हायची, सांधे आखडायचे. या आजाराला थोडक्यात एनएसएफ म्हणतात. पहिले पेशंट १९९७ मध्ये दिसले. गॅडोलिनियमशी संबंध २००६ मध्ये उघड झाला, आणि २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर ठळक इशारा छापायला लावला.

आता चित्र बदललं आहे. गॅडोब्युट्रॉल, गॅडोटेरेट, गॅडोटेरिडॉल या घट्ट बांधणीच्या डायने हा आजार होण्याचा धोका नगण्य आहे, ईजीएफआर ३० च्या खाली असला तरी. टाळायचे ते ओम्निस्कॅन आणि मॅग्नेव्हिस्टसारखे जुने. नावं एकमेकांसारखी आहेत, आणि सीटीचा ‘ओम्निपेक’ व एमआरआयचा ‘ओम्निस्कॅन’ यांत तर हमखास गोंधळ होतो. वहीत लिहून न्या आणि बाटलीवरचं नाव वाचून दाखवायला सांगा. एखाद्या सेंटरने “किडनी आहे, एमआरआयला डाय देणार नाही” असं सरळ म्हटलं तर त्यांच्याकडे कोणता डाय आहे ते विचारा आणि रेडिओलॉजिस्टशी बोलायचं आहे म्हणून सांगा.

९. डायलिसिस चालू असेल तर

लघवी पूर्ण बंद झालेल्या पेशंटच्या किडनीचं डायने आणखी काही बिघडणार नाही, त्यामुळे सीटीच्या डायसाठी ती अडवणूक राहत नाही. फक्त डायच्या पाण्याचा भार हृदयाला झेपेल का, एवढं डॉक्टर बघतात. डाय दिला म्हणून त्याच दिवशी जादा डायलिसिसचीही सहसा गरज नसते. गॅडोलिनियम दिला असेल तर मात्र नेहमीचं डायलिसिस त्यानंतर लवकर येईल अशी वेळ जुळवतात.

पण दिवसाला चांगली कपभर-दोन कप लघवी अजून होत असेल तर ती सोनं आहे. ती राखण्यासाठी वरचे सगळे नियम पाळा. शेजारच्या काकांना “तुमचं काय, डायलिसिसच तर चालू आहे” असं ऐकावं लागलं होतं. त्यांनी शांतपणे मोजणीची बाटली दाखवली. दिवसाला ४५० मिली होतं.

१०. घरी आल्यावर

४८ ते ७२ तासांनी क्रिएटिनिन. ईजीएफआर ४५ च्या खाली असलेल्यांनी तरी हे टाळू नये असं मला वाटतं, आणि विसरतात ते हेच, कारण पेशंट ठणठणीत दिसत असतो. निघतानाच लॅबवाल्याला तारीख देऊन ठेवा. दोन दिवसांत ०.३ किंवा त्याहून जास्त वाढ झाली, किंवा आठवड्याभरात आकडा दीडपट झाला, तर किडनीला इजा झाली असं धरतात आणि पुढचं डॉक्टर बघतात. आकडा सहसा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात वर असतो. मेटफॉर्मिन थांबवलं असेल तर ते हा रिपोर्ट दाखवूनच पुन्हा सुरू करायचं.

लघवी एकदम कमी झाली, पाय किंवा चेहरा सुजला, आडवं पडल्यावर धाप लागली, तर ४८ तासांची वाट बघू नका. अँजिओग्राफीनंतर काही दिवसांत पायाची बोटं निळसर दिसली तर तेही लगेच दाखवा. ती गोष्ट डायची नसते, नळी फिरवताना धमनीतली चरबी सुटून पुढे गेलेली असू शकते.

आता शहाळं. ‘डाय बाहेर काढायला’ म्हणून नातेवाईक शहाळी घेऊन येतात. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि किडनीच्या पेशंटमध्ये ते साचून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आमच्याकडे मामा चार शहाळी घेऊन आले, ती मामा आणि आम्हीच प्यायलो. साधं पाणी, तेही डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. अंग दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही विचारून. आणि “आणखी एक स्कॅन उद्याच करून टाकू” असं कोणी म्हणालं तर आधी डायचा विषय काढा. तातडी नसेल तर दोन डायमध्ये काही दिवस जाऊ देतात.

वहीत दर वेळी पाच गोष्टी लिहून ठेवा: तारीख, तपासणी, डायचं नाव, किती मिली, आधीचं आणि नंतरचं क्रिएटिनिन. अण्णांच्या वहीत पहिल्या सीटीपुढे मधले दोन रकाने कोरेच आहेत. अँजिओग्राफीपुढे त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलंय: व्हिसिपेक, ४० मिली, आधी २.४, तिसऱ्या दिवशी २.५, पंधरा दिवसांनी २.४. खाली कंसात ‘शहाळं मामाने प्यायलं’.